स्थौल्य आणि अग्नी : ‘मंद चयापचय’ या कल्पनेचा पुनर्विचार

स्थौल्याचा विचार सुरू झाला की वैद्यवर्गाच्या मनात अग्निमांद्य हा शब्द जवळजवळ आपोआप येतो. रुग्णही हल्ली हेच निराळ्या शब्दांत बोलतो. आपले मेटॅबॉलिझम ‘स्लो’ आहे, नुसते पाणी प्यायले तरी वजन वाढते, अशी त्याची तक्रार असते. चयापचय म्हणजे अग्नी, चयापचय मंद म्हणजे अग्निमांद्य आणि अग्निमांद्य म्हटले की दीपन-पाचन, असे हे सोपे समीकरण आहे. ते इतक्या वेळा ऐकले व वाचले गेले आहे की त्याची शहानिशा करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखात ती करावयाची आहे. कारण या समीकरणावर आधारलेली चिकित्सा काही रुग्णांत निष्फळ ठरते, तर काही रुग्णांत अपायकारक होते.

संहितांचे म्हणणे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ व्या, म्हणजे अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूल पुरुषाचे आठ दोष सांगितले आहेत. आयुष्याचा ऱ्हास, हालचालींस होणारा अडथळा, मैथुनातील कष्ट, दौर्बल्य, दुर्गंध आणि स्वेदाचा त्रास हे सहा दोष क्षणभर बाजूस ठेवून उरलेल्या दोहोंकडे पाहावे. ते दोन म्हणजे क्षुधेचे आधिक्य आणि तृष्णेचे आधिक्य. ज्याचा जाठराग्नी मंद, त्यास भूक अधिक कशी लागेल? याचे उत्तर आचार्यांनी तेथेच दिले आहे. मेदाने मार्ग रोधल्यामुळे वायू कोष्ठात विशेषत्वाने संचार करतो व अग्नीस प्रदीप्त करतो. आहार लवकर पचतो, शोषला जातो आणि पुन्हा अन्नाची इच्छा उत्पन्न होते. भोजनाची वेळ टळली तर अशा रुग्णात घोर विकार संभवतात, असा इशाराही तेथे आहे आणि त्यासाठी वणव्याचा दृष्टांत योजलेला आहे. अग्निमांद्याचे हे वर्णन नव्हे, हे उघड आहे.

मग मेद वाढतो तो कोणत्या अग्नीच्या मंदत्वाने? वाग्भटाचार्यांनी जाठराग्नीचे अंश धातूंच्या ठिकाणी असतात असे मानून, ते मंद झाल्यास त्या त्या धातूची वृद्धी व तीक्ष्ण झाल्यास क्षय होतो, असा नियम सांगितला आहे. त्यानुसार बहुसंख्य स्थूल रुग्णांत जाठराग्नी तीक्ष्ण आणि मेदोधात्वग्नी मंद, अशी विषम स्थिती मानावी लागते. कोष्ठातील चुलीवर जाळ मोठा, पण पुढल्या चुलीवर धग नाही. म्हणून पहिलीवरून येणारे सारे तेथे साचत राहते.

सुश्रुतसंहितेचे मत मात्र थोडे निराळे आहे. स्थौल्य व कार्श्य ही दोन्ही रसनिमित्तज आहेत, असे तेथे म्हटले आहे. श्लेष्मल आहार, अध्यशन, व्यायामाचा अभाव आणि दिवास्वाप यांमुळे आमावस्थेतीलच मधुरतर रस शरीरभर संचार करीत मेद उत्पन्न करतो. अग्निमांद्याचा पक्ष घेणाऱ्यांस येथे निश्चित आधार सापडतो आणि तो नाकारण्याचे कारण नाही. जेवणानंतर जडपणा, जिव्हेवर लेप, भूक अनिश्चित असलेला स्थूल रुग्ण आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. परंतु सर्व स्थूल रुग्ण एकाच संप्राप्तीचे आहेत असे धरून चालता येत नाही. दर दोन तासांनी भूक लागणाऱ्या रुग्णास त्रिकटू, चित्रक, हिंग्वष्टक देत राहिलो तर त्याची भूक अधिक वाढेल, आणि वजन का उतरत नाही म्हणून तो बिचारा स्वतःस दोष देत बसेल.

मोजमाप काय सांगते

आता आधुनिक शास्त्राकडे वळू. मनुष्य दिवसभरात जी ऊर्जा खर्च करतो तिचा ६० ते ७० टक्के भाग संपूर्ण विश्रांतीत, केवळ शरीर जिवंत ठेवण्यासाठी खर्च होतो. सुमारे १० टक्के अन्नाच्या पचन-शोषणात जातो आणि उरलेला हालचालीत. विश्रांतीतील या खर्चास मूलभूत चयापचय म्हणतात व तो श्वासातील वायूंच्या मापनाने मोजता येतो. स्थूल व्यक्तींत तो कमी असावा अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो अधिक असतो. १९९० पासून रूढ असलेल्या मिफ्लिन-सेंट जिओर या गणितसूत्रानुसार, उंची, वय व लिंग समान असता ३० किलो अधिक वजनाच्या व्यक्तीचा हा खर्च रोज सुमारे ३०० किलोकॅलरींनी अधिक भरतो. मोठे शरीर चालविण्यास इंधन जास्त लागते, इतकीच ही साधी गोष्ट आहे.

‘चाळिशीनंतर मेटॅबॉलिझम मंदावते’ हाही असाच लोकप्रिय समज होय. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात २९ देशांतील ६,४०० हून अधिक व्यक्तींच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची वये ८ दिवसांपासून ९५ वर्षांपर्यंत होती. शरीराचा आकार व मेदाचे प्रमाण हिशेबात घेतल्यानंतर २० ते ६० या वयात चयापचयाचा वेग जवळजवळ स्थिर राहतो आणि साठीनंतर तो दरवर्षी सुमारे ०.७ टक्क्याने उतरतो, असे त्यात आढळले. चाळिशीत सुटणाऱ्या पोटाची कारणे बैठे काम, उशिराचे जेवण, अपुरी झोप आणि घटत जाणारे मांस यांत शोधली पाहिजेत. थायरॉईडविषयीही हेच म्हणता येते. त्या ग्रंथीचे कार्य मंदावल्यास वजन वाढते हे खरे. पण ती वाढ बहुधा अडीच ते पाच किलोंची असते व तीत क्षार आणि पाण्याचा वाटा मोठा असतो. वीस-पंचवीस किलोंचा भार एकट्या थायरॉईडच्या माथी मारता येत नाही.

मग ‘मी काहीच खात नाही’ म्हणणारी रुग्णा खोटे बोलते काय? मुळीच नाही. १९९२ साली अमेरिकेत, आहार कमी करूनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या व्यक्तींचा एक काटेकोर अभ्यास झाला. त्यांचा ऊर्जाव्यय अपेक्षेप्रमाणेच होता. परंतु आपण खातो त्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी आणि करतो त्यापेक्षा ५१ टक्के अधिक व्यायाम त्यांनी सांगितला होता. यात लबाडी नसते. चहाबरोबरची बिस्किटे, मुलांच्या ताटातले उरलेले, भाजीची फोडणी, देवळातला प्रसाद यांस आपण ‘खाणे’ म्हणून मोजतच नाही. आपल्याकडे तर उपवासालाही साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा कूट आणि बटाट्याचा कीस लागतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. वैद्याने रुग्णास लाजविण्याऐवजी तीन दिवसांचे प्रत्येक घास-घोट त्याच्याकडून लिहून घ्यावे. त्यात निदान बहुधा सापडते.

एका ठिकाणी मात्र चयापचय खरोखरच मंद झालेले आढळते आणि ते स्थळ वैद्याने विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरील वजन घटविण्याच्या एका स्पर्धेतील १४ जणांचा केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तीस आठवड्यांत सरासरी ५८ किलो वजन उतरविलेल्या या मंडळींचे सहा वर्षांत सुमारे ४१ किलो परत वाढले होते. तरीही त्यांचा मूलभूत चयापचय त्यांच्या शरीराच्या मानाने रोज सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमीच राहिला होता. म्हणजे येथे मंदत्व हे स्थौल्याचे कारण नसून घाईघाईने केलेल्या कर्षणानंतर मागे राहिलेली स्थिती आहे. ‘आठ दिवसांत पाच किलो’ अशा जाहिराती करणाऱ्यांनी हे वाचावे. पहिल्या आठवड्यात उतरते त्यात पाणी आणि यकृत-मांसातील शर्करासंचय यांचाच भाग मोठा असतो, हे त्यांनाही ठाऊक नसते असे नाही.

मेद किती, यापेक्षा कोठे

स्थौल्यातून प्रमेह, उच्च रक्तदाब, हृद्रोग कसे उद्भवतात, हा पुढील प्रश्न. मेदपेशी ही इंधनाची कोठी आहे. ती जोपर्यंत येणारा स्नेह सामावून घेते तोपर्यंत फारसे बिघडत नाही. ती ओसंडू लागली की स्नेह नको तेथे, म्हणजे यकृत, स्वादुपिंड, मांसपेशी व हृदयाच्या भोवती साठू लागतो. यकृतात मेद साठला की ते इन्सुलिनचे ऐकेनासे होते व रात्रभर उपाशी असतानाही रक्तात साखर सोडीत राहते. तेच यकृत अधिक ट्रायग्लिसराइड रक्तात पाठविते, ते स्वादुपिंडात जाऊन बसतात आणि इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींस दुबळे करतात. इंग्लंडमधील रॉय टेलर यांनी २००८ साली मांडलेली ही दोन दुष्टचक्रांची उपपत्ती आहे. पुढे २०१५ साली त्यांनी प्रत्येक व्यक्तीची मेद धारण करण्याची मर्यादा निराळी असते, असे प्रतिपादन केले. कोणास ११० किलोंवरही प्रमेह होत नाही आणि कोणास ६२ किलोंवर होतो, याचा उलगडा यातून होतो.

या विचारास पुष्टी देणारी तीन उदाहरणे मला फार बोलकी वाटतात. ज्यांच्या शरीरात जन्मतः मेदपेशीच नाहीत अशा दुर्मीळ रुग्णांस तीव्र प्रमेह व यकृतात मेदसंचय होतो. कोठीच नाही, मग धान्य अंगणात पडणार. पायोग्लिटाझोन या औषधाने वजन वाढते, तरी रक्तशर्करा सुधारते, कारण ते त्वचेखालील कोठीची धारणशक्ती वाढविते. तिसरे उदाहरण २००४ सालचे आहे. १५ स्थूल स्त्रियांच्या उदरावरील त्वचेखालचा सुमारे दहा किलो मेद शल्यक्रियेने शोषून काढला गेला. परंतु दहा-बारा आठवड्यांनी तपासता इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद, रक्तदाब, रक्तशर्करा यांत काहीही सुधारणा नव्हती. मेद गेला, अग्नी होता तेथेच राहिला.

चरकाचार्यांनी मेदोवह स्रोतसांचे मूल वृक्क आणि वपावहन सांगितले, तर सुश्रुताचार्यांनी वृक्क आणि कटी. वपावहन म्हणजे आंत्रांवरील मेदयुक्त पडदा असे मानले तर अंतःस्थ मेदाकडे, आणि कटी म्हणजे आज आपण फीत लावून मोजतो त्या कमरेकडे लक्ष जाते. प्रमेहाच्या दूष्यांत तर नुसता मेद न म्हणता ‘बहु’ आणि ‘अबद्ध’ अशी विशेषणे लावलेली आहेत. आपल्या जागी न बांधलेला, सैल मेद हा अर्थ यकृतातील अस्थानी मेदाशी जोडण्याचा मोह मलाही होतो. तथापि हे साम्य विचारास चालना देण्यापुरतेच ठेवावे. संहिताकारांनी यकृतपेशी पाहिल्या होत्या असे त्यावरून सिद्ध करू नये. साम्य जुळत नाही तेथेही ते नोंदवावे. उदाहरणार्थ, स्थौल्याच्या हेतूंत हर्षनित्यत्व व अचिंतन सांगितले आहेत. आजचा स्थूल रुग्ण मात्र बहुधा चिंताग्रस्त आणि निद्राहीन असतो. बीजस्वभाव, अव्यायाम, दिवास्वाप हे हेतू आजही जसेच्या तसे लागू पडतात.

कृश दिसणारा मेदस्वी

आपल्या देशाच्या दृष्टीने महत्त्वाचे संशोधन पुण्यात झाले आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापून एक कोडे मांडले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३, म्हणजे दोघेही कागदावर सारखेच सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात या कोड्याचे मूळ गर्भावस्थेपर्यंत गेले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो, आपल्या बालकांत मांस व उदरातील अवयव लहान होते, परंतु त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. गर्भिणीचे पोषण हा स्थौल्यचिकित्सेचाच पहिला अध्याय आहे, असे यावरून म्हणावे लागते.

व्यवहारात याचा अर्थ असा की रुग्ण कृश दिसतो म्हणून त्यास निर्धास्तपणे बृंहण देऊ नये. चरकाचार्यांनी प्रमेही दोन प्रकारचे, स्थूल व बलवान आणि कृश व दुर्बल असे सांगून पहिल्यास संशोधन, दुसऱ्यास बृंहण उपदेशिले आहे. परंतु हातपाय काटकुळे, पोट मात्र पुढे आलेले आणि यकृतात मेद, असा तिसरा रुग्ण आज आपल्यासमोर बसतो. त्याला मांसाचे बृंहण आणि मेदाचे कर्षण एकाच वेळी हवे असते. भारतीयांसाठी देहभार निर्देशांक २३ पासून अधिक वजन व २५ पासून स्थौल्य मानतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सें.मी. आणि स्त्रियांत ८० सें.मी. ही मर्यादा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आणि उदरस्थौल्याचे ३९.५ टक्के आढळले. गोव्यात मधुमेह २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक होता. नाडीपरीक्षा करणाऱ्या हाताजवळ मोजण्याची फीतही असावी.

गुरु, परंतु अपतर्पण

स्थौल्याच्या आहारासाठी चरकाचार्यांनी गुरु आणि अपतर्पण असे दोन शब्द एकत्र योजले आहेत. पचावयास जड, म्हणजे तीक्ष्ण जाठराग्नीस बराच काळ गुंतवून ठेवणारे, आणि तरीही धातूंचे अतिपोषण न करणारे द्रव्य द्यावे. लघु व संतर्पण द्रव्य याच्या नेमके उलट, लवकर पचून मेदात भर घालणारे. मैदा, साखर, पोह्यांचा चिवडा, गोड पेये ही सारी त्या जातीची. चरकाचार्यांच्या यादीत यव, श्यामाक, प्रियंगू, कोद्रव, जूर्णाह्व, मुद्ग, कुलत्थ, आढकी ही धान्ये आहेत. आपल्या भाषेत सातू, सावा, राळा, हरीक, ज्वारी, मूग, कुळीथ, तूर. कोकणातील कुळथाचे पिठले आणि देशावरची ज्वारीची भाकरी ही पथ्ये घरातच आहेत, मात्र भाकरी किती हे विचारावेच लागते. आधुनिक आहारशास्त्र तंतुमय द्रव्ये व प्रथिने यांच्या योगे हेच साधते. साखर हळूहळू शोषली जाते आणि तृप्ती टिकते.

व्यायामाविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. स्नायू वाढविले की विश्रांतीतही भरपूर ऊर्जा जळते, असे व्यायामशाळांतून सांगितले जाते. विश्रांतीत एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी खर्च करतो आणि एक किलो मेद सुमारे साडेचार; यकृत २००, मेंदू २४०, हृदय व वृक्क प्रत्येकी ४४०. दोन किलो स्नायू वाढले तरी हिशेब एका पोळीच्याही आत राहतो. व्यायामाचे खरे फळ निराळे आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतो. जेवणानंतरची शतपावली यासाठीच मोलाची, आणि पोटभर जेवून तासभर निजणाऱ्यास वामकुक्षीची पळवाट देऊ नये. चेन्नई येथील डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ पूर्वमधुमेही व्यक्तींवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आहार-विहारातील बदलाने मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजनात लक्षणीय घट न होता. काट्यावर फरक दिसला नाही म्हणून निराश झालेल्या रुग्णास हे आवर्जून सांगावे.

गुग्गुळाविषयी थोडेसे. सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या आधारे डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात १९६६ साली त्याचे मेदावरील कार्य प्रयोगाने दाखविले, ही आपल्या शास्त्राच्या अभिमानाची गोष्ट आहे. २००३ साली अमेरिकेत झालेल्या नियंत्रित अभ्यासात मात्र त्याने घातक कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी किंचित वाढले. आहार, मात्रा, कल्प व रुग्णांची निवड यांतील फरक दाखवून त्यावर आक्षेप घेता येतील. पण तो अभ्यास नाहीच असे समजून लिहिणे योग्य नव्हे. प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या औषधांचे रक्तातील प्रमाण गुग्गुळाच्या कल्पाने घटते, हे १९९४ सालच्या भारतीय अभ्यासात आढळले आहे. हृद्रोग्यास गुग्गुळ देताना हे ध्यानी असावे.

लंघनापूर्वी

स्कॉटलंड व इंग्लंडच्या काही भागांत झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० किलोकॅलरींच्या आहारावर ठेवलेल्या मधुमेहींपैकी ४६ टक्के वर्षाअखेर औषधांविना रोगमुक्तीच्या स्थितीत होते. १५ किलो वा अधिक वजन घटलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. लंघनाच्या सामर्थ्याचा याहून मोठा पुरावा शोधावा लागणार नाही. परंतु या अभ्यासाचा एक तपशील सहसा सांगितला जात नाही. मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे तेथे पहिल्याच दिवशी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबविली होती. आपल्याकडे रुग्ण सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन येतो, वैद्य त्यास लंघन सांगतो, आणि गोळीविषयी कोणी कोणास विचारीत नाही. दुपारी घाम, कंप, भ्रम, क्वचित मूर्च्छा येते. अन्नकाल टळल्यास स्थूलास घोर विकार होतात, हा इशारा आज या वाटेनेही खरा होतो. म्हणून लंघन वा विरेचन ठरविण्यापूर्वी रुग्णाच्या सर्व गोळ्या व इंजेक्शने पाहावीत आणि ती देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी. २०२५ पासून भारतात मिळू लागलेली टिर्झेपॅटाइडसारखी साप्ताहिक इंजेक्शने घेणारा रुग्ण तर आधीच अन्नद्वेषाच्या अवस्थेत असतो व त्याचे मांसही घटत असते.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील गोळ्या घेणाऱ्या रुग्णाबाबत विशेष सावध राहावे. उपवासात वा विरेचनानंतर अशा रुग्णाच्या रक्तात कीटोन वाढून प्राणघातक आम्लता होऊ शकते आणि त्या वेळी साखर १८० किंवा २०० इतकीच असू शकते. हृल्लास, छर्दी, उदरशूल, दीर्घ व जलद श्वास ही लक्षणे दिसता ती आमाची समजून लंघन पुढे चालू ठेवू नये. रक्तातील कीटोन तपासण्यासाठी रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे.